सदर व्यक्तीस काही येत नाही

लोखंड वापरात नसलं की गंजतं आणि बाई घरी बसली की गंजते. यातली पहिली गोष्ट निसर्गाने सिद्ध केली, दुसरी समितीने. समितीच्या सहा बैठका झाल्या (त्यांतल्या चार चहामुळे लांबल्या) आणि हिशेबनिसाच्या कौशल्यावर वर्षाला सात टक्के गंज चढतो असं एकमताने ठरलं. तो खरवडून काढण्यासाठी कौशल्य नूतनीकरण केंद्र उघडण्यात आलं. पंधरा वर्षं घरी बसलेल्या बाईवर एकशे पाच टक्के गंज कसा चढतो, हा प्रश्न एका सदस्याने विचारला होता. तो आता समितीत नाही.

टाचणीबाईंना हे सगळं रास्तच वाटलं. (हे नाव त्यांना लाकडाच्या वखारीत पडलं. पावतीला टाचणी नसली तर त्या मालकालाही परत पाठवत.) मुलगी झाली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्यांनी काहीही केलं नाही. नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानाच्या वह्या, धाकट्या दिराच्या टेम्पोचा जमाखर्च आणि सोसायटीचा ताळेबंद, एवढंच काय ते बसल्या बसल्या बघत. सह्या मात्र नवरा, दीर आणि सेक्रेटरी करत, कारण सही हे जबाबदारीचं काम आहे.

आणि आता वखारीच्या मालकांचा निरोप आला होता. "बाई, एक तारखेपासून या. तुमच्यानंतर त्या खुर्चीत कुणी टिकलं नाही. फक्त ते नूतनीकरणाचं प्रमाणपत्र आणा, बँक मागते." टाचणीबाईंना ती खुर्ची फार हवी होती. निरोप ऐकून त्यांनी माळ्यावरून आपली जुनी लाकडी पट्टी काढली आणि साबणाने धुतली.

केंद्रात प्रवेश घ्यायचा तर आधी गंज सिद्ध करावा लागतो. हे योग्यच आहे, नाहीतर कुणीही उठेल आणि ताजं होऊन जाईल. त्यासाठी गंजमापन परीक्षा असते. शंभरपैकी पस्तिसाच्या आत गुण मिळाले तर उमेदवार उत्तीर्ण. टाचणीबाईंना शंभर मिळाले. शिवाय त्यांनी पुरवणी जोडून प्रश्नपत्रिकेतली चूकही दाखवली (गेल्या वर्षीचा शिल्लक माल यंदाच्या हिशेबात आणायचा परीक्षक विसरले होते). त्यांना नापास करण्यात आलं.

खिडकीमागचा कारकून भला माणूस होता. "ताई, तुम्हाला सगळंच येतंय. आम्ही ताजं करायचं तरी काय?"

"मग तसं लिहून द्या."

"'येतं' असं लिहून द्यायला आमच्याकडे फॉर्म नाही हो."

अशा हट्टी उमेदवारांसाठी केंद्राने विस्मरण वर्ग ठेवला आहे. तिथे जमेची रक्कम नावे टाकणं, हातचा सोडून देणं आणि वजाबाकी खालून वर करणं हे विषय पद्धतशीर शिकवतात. टाचणीबाई आठ दिवस गेल्या. पण चुकीच्या रकान्यापाशी आलं की त्यांचा हात आपोआप थांबे. "प्रयत्न करत राहा," शिक्षक म्हणाले. "मलाही सुरुवातीला जमत नव्हतं."

शेवटी कारकुनानेच नमुना चौदा काढून दिला. सदर व्यक्तीस काही येत नाही, असं दोन जवळच्या नातेवाइकांनी लिहून दिलं की परीक्षा माफ. (केंद्राच्या आकडेवारीनुसार नव्वद टक्के नवरे हा फॉर्म न वाचता भरतात. उरलेले दहा टक्के वाचूनही भरतात.)

टाचणीबाईंच्या नवऱ्याने तर चष्मासुद्धा शोधला नाही. 'सदर व्यक्तीस काय काय येत नाही?' या प्रश्नाला चार ओळी होत्या, त्या पुरेनात म्हणून त्याने जादा कागद मागितला. "अगं, तुझ्याच भल्यासाठी लिहितोय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पानावर मध्येच थांबून विचारलं, "आपल्या दुकानाची तेरीज जुळली का गं?"

"जुळली," टाचणीबाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं, पण त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

दुसरी सही सासूबाईंची हवी होती. त्यांनी फॉर्म सावकाश वाचला आणि परत दिला. "मी हिला उठता-बसता नावं ठेवते, पण ती घरात. कागदावर खोटं लिहायला मला नाही जमणार." मग दिराने सही केली. तो टेम्पोतून उतरलाही नाही.

तीन आठवडे टाचणीबाई बेरीज शिकल्या आणि तीस तारखेला ताज्या झाल्या. प्रमाणपत्राला दुसरं पान म्हणून नमुना चौदा जोडलेला होता, जादा कागदासकट. वखारीच्या मालकांनी नेमकं तेच आधी वाचलं. "मी काही म्हणत नाही, बाई," ते खाली बघत म्हणाले. "पण घरच्यांनीच लिहून दिलंय." खुर्ची मिळाली. पगार शिकाऊ उमेदवाराचा.

त्या संध्याकाळी टाचणीबाईंनी दुकानाच्या वह्या, टेम्पोच्या पावत्या आणि सोसायटीची फाईल जेवणाच्या टेबलावर नवऱ्यासमोर ठेवली. "हे मला येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची सही आहे."

महिनाअखेरीला तो तेरजेला बसला. जमा आणि नावे यांच्या बेरजांत सत्तावीसचा फरक येत होता. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेले असतात, हे टाचणीबाईंना वयाच्या बाराव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्यांनी मुलीच्या वहीला कव्हर घातलं आणि झोपायला गेल्या. सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच सुनेमागे दार हळूच ओढून घेतलं.

या प्रकरणावरून धडा घेऊन केंद्राने नियम सोपा केला आहे. आता लेखी फॉर्म लागत नाही. घरातल्या कुणीही 'तुला काय कळतंय त्यातलं' एवढं म्हटलं की तोंडी नमुना चौदा दाखल झाला, असं धरलं जातं. नियम मागील तारखेपासून लागू आहे. आपण आजवर किती दाखल केले याची नोंद आपल्या घरी असेलच. ती कुठे ठेवली आहे ते घरातल्या बाईलाच विचारा, तुम्हाला सापडायची नाही.