बीमले विचारलं का?

मेश्रामभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. 'जयभीम' म्हणतानाही त्यांची नजर माणसाकडे नसते, छताकडे असते. छताखालच्या बीममधून एखादा पाइप आरपार गेलेला दिसला की संपलं. मग ते आपली खुर्ची उचलतात आणि दोन हात लांब नेऊन बसतात. यजमानाला वाटतं, पाहुण्याला पंख्याचा वारा सोसत नसेल.

"भोक कोनं पाडलं जी?" हा पहिला प्रश्न. "पाडाच्या आधी बीमले विचारलं का?" हा दुसरा.

सरकारी नोकरीत ज्युनियर इंजिनियर होते. निवृत्त होऊन ब्रह्मपुरीत आमच्याच गल्लीत राहतात. प्लंबर नावाच्या जमातीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गोंडपिपरीला गेले होते. मुलगी पसंत, घर पसंत, पोहे तर फारच पसंत. पण बैठकीत एसीची नळी बीम फोडून नेलेली, तीही खांबाला खेटून. बाहेर आल्यावर भावाला म्हणाले, "जो मानूस बीमले विचारत नाई, तो जावयाले का विचारीन?" सोयरीक झाली ती नंतर, यांना न विचारता.

माझाही स्वभाव संशयी आहे. मी शाळामास्तर. इतकी वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारल्यावर दुसरं काय होणार? फरक इतकाच, की ते बीमवर संशय घेतात आणि मी माणसांवर.

आम्ही वरच्या मजल्यावर न्हाणीघर काढलं. खालच्या खोलीत माझी बायको सुनंदा शिवणक्लास चालवते. सहा मशिनी, चौदा मुली, आणि हा पसारा तिने एकटीने उभा केलेला. प्लंबरने पाइपासाठी त्या खोलीच्या बीममध्ये, अगदी खांबाजवळ, चांगलं वीतभर चौकोनी भोक पाडलं. आतली सळई आडवी आली, तीही कापली. मला ते काम फार सफाईदार वाटलं.

मेश्रामभाऊ सहज म्हणून आले, वर पाहिलं, आणि बसलेच नाहीत.

"सुनंदाबाई, पोरींले बाहेर काढा."

"काऊन भाऊ? काय झालं?"

"आधी काढा, मंग सांगतो."

मुली अंगणात आल्यावर त्यांनी बोटाने दाखवलं. भोकाच्या कोपऱ्यातून केसाएवढी चीर तिरपी खांबाकडे निघाली होती. "खांबापाशी बीमचा गळा असते, मास्तर. सगळा भार तिथूनच खांबात उतरते. तुमी गळाच कापला, अन् तोबी चौकोनी. कोपरा फाटनारच."

त्याच संध्याकाळी बीमखाली लाकडी बल्ल्यांचे टेकू लागले. मग त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने भोकाभोवती नव्या सळया बांधून काँक्रीट भरलं. क्लास बंद. मिस्त्री म्हणाला, सात दिवसांनी टेकू काढा. भाऊ म्हणाले, "अठ्ठावीस. काँक्रीट काय भात आहे का, तीन शिट्ट्यांत व्हाले?"

त्यांनी उरलेल्या चिरेवर काचेची पातळ पट्टी चिकटवली. चीर हलली तर काच फुटणार. रोज सकाळी सातला येत, स्टुलावर चढून काच बघत, पेन्सिलीने खूण करत, चहा घेत आणि जात. काच काही फुटत नव्हती. इकडे मुली मात्र गळायला लागल्या. बसस्टँडजवळ नवा क्लास निघाला होता. पाच जणी तिकडे गेल्या, तेव्हा सुनंदा उरलेल्या नऊ जणींच्या घरी जाऊन विनवण्या करून आली. अजून आठवडा गेला तर क्लास मोडणारच, असं दिसत होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मिस्त्री यांच्या ओळखीचा. बल्ल्या यांच्याच माणसाच्या. नव्या क्लासच्या बाईंचं आडनाव मेश्राम. ब्रह्मपुरीत दर चौथं घर मेश्रामांचं आहे, हे संशय घेताना माझ्या ध्यानात आलं नाही. एकविसाव्या दिवशी मी तरातरा त्यांच्या घरी गेलो.

बायको, कमल, गेल्यापासून ते वरच्या मजल्यावर एकटे राहतात, खाली खताचं गोदाम आहे. जिना उभा आणि अरुंद. त्यांनी मला बसवलं आणि चहा करायला आत गेले. टेबलावर आकडेमोडीच्या कागदांचा गठ्ठा होता. सगळ्यात वरच्या कागदावर बीमचं चित्र, त्यात एक छोटंसं गोल भोक, आणि खाली लाल शाईत ठळक लिहिलेलं: 'चालते.'

मी कागद घेऊन उभाच राहिलो. "भाऊ, इथे तुम्हीच चालते म्हणून लिहिलंय. मग आमचा क्लास काऊन बंद ठेवून राह्यले?"

त्यांनी कप खाली ठेवले. "ते तुमचं नोय, मास्तर. तुमचं त्याच्या खाली आहे. सात दिवस ऱ्हायले, मंग टेकू बिनधास्त काढा."

"मग हे कोणाचं?"

"ह्या घरचं."

त्यांनी माझ्या हातातून तो कागद घेतला.

"कमल म्हने, वर मोरी करा, मले गुडघ्यानं खाली-वर होत नाई. मोरीचा पाइप न्याचा तं ह्या बीममधून भोक पाडा लागे. मी म्हनलं, बीमले हात नाई लावाचा. आकडा मांडून बी नाई पाह्यला. बारा वर्स ती रोज दोनदा भांडे घेऊन खाली अंगनात उतरली. गेली, त्याच्यानंतर एक दिवस मी बसून हिशोब केला. मधात, खांबापासून दूर, लहान, गोल. बीमले काईच झालं नसतं."

मला माझीच लाज वाटली. आमच्या बीमसाठी त्यांनी एकवीस सकाळी खर्च केल्या होत्या, आणि मी त्यांचं आडनाव मोजत बसलो होतो.

"आता तरी करून घ्या ना मोरी," मी म्हणालो.

"आता कोनासाठी?"

चहा संपला. त्यांनी माझा कप उचलला, आपला उचलला, ओट्यावरचं पातेलं घेतलं. मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "हे मलेच नेऊ द्या."

आणि एका हाताने भिंत धरत, एकेक पायरी थांबत, ते भांडी घासायला अंगणात उतरू लागले.