नमुना नऊ, रकाना बारा

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता नानांनी मृत व्यक्तीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि चहा मागितला.

त्यांची प्रकृती उत्तम होती. रक्तदाब, साखर, दात, सगळं जागच्या जागी. नाव लिहिण्यामागे कारण निव्वळ प्रशासकीय होतं.

नाना महापालिकेच्या परवाना विभागात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. शहरात दहापेक्षा जास्त माणसं एकाच दिशेने चालणार असतील, तर आधी 'नमुना नऊ' भरावा लागतो, आणि नमुना नऊ हे नानांचं हस्तलिखित अपत्य. त्यात मिरवणुकीचे प्रकार पाच: विवाह, धार्मिक, राजकीय, क्रीडाविजय आणि अंत्ययात्रा. पूर्वी सहावा 'इतर' होता. तो नानांनी बावीस वर्षांपूर्वी खोडला. "इतर हा लबाडांचा रकाना," असं त्यांचं मत होतं. "इतर दिसलं की माणूस विचार करायचं सोडतो."

आता त्यांच्याच दिवाणखान्यात असे काही लोक बसले होते, ज्यांना त्या पाचांत जागा नव्हती. शहरातल्या समलिंगी मंडळींच्या प्राइडचा आठवडा तोंडावर आला होता. गुरुवारी कुत्र्यांचा मेळावा, शुक्रवारी संध्याकाळी विनोदाचा कार्यक्रम, रविवारी सप्तरंगी मिरवणूक. मंडळाचा संयोजक सलून चालवायचा, त्याला सगळे कात्री म्हणत. कुत्र्यांचा मेळावा डॉक्टरीणबाईंचा, कारण त्या जनावरांच्या डॉक्टर. कागदपत्रं नानांच्या लेकीकडे. ती ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावायची, म्हणजे रकान्यांचं वेड रक्तातच. पस्तिशी उलटली तरी नाना तिला ठमी म्हणत.

ठमीने नानांना एवढंच सांगितलं होतं, "डॉक्टरणीच्या ओळखीचे लोक आहेत. मी आपली फक्त कागद बघते."

"बघ की," नाना म्हणाले होते.

डॉक्टरीण या घरात नऊ वर्षांपूर्वी राहायला आली, तीही तात्पुरती, घर मिळेपर्यंत. तेव्हापासून महिन्यातून एकदा जेवताना नाना विचारत, "घर मिळालं का ग?" डॉक्टरीण म्हणे, "बघतेय नाना." नाना म्हणत, "बघ, बघ. घाई नको." मग भाजी पुढे सरकवत. नऊ वर्षं या विषयावर घरात अळीमिळी गुपचिळी होती, आणि तिघांचंही उत्तम चाललं होतं.

"विवाहात बसवू या का, नाना?" कात्रीने विचारलं.

"विवाहाला वर एक, वधू एक. तुमच्याकडे किती?"

"वर भरपूर आहेत."

"वधू?"

"त्याही भरपूर. पण एकमेकांच्या उपयोगाच्या नाहीत."

नानांनी विवाहावर फुली मारली. धार्मिकला विश्वस्त लागत. राजकीयला पक्षाची नोंदणी, शिवाय भिंती पुसून देण्याची हमी. क्रीडाविजयला करंडकासह छायाचित्र लागे. "कशात जिंकलात?" नानांनी विचारलं. "अजून कशातच नाही," कात्री प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग अंत्ययात्रा," नाना म्हणाले. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण अंत्ययात्रेला एकही नाही. ना-हरकत लागत नाही. माणसांची मर्यादा नाही. वाद्यं ऐच्छिक. पोशाखाचं बंधन नाही. वाहतूक पोलीस आपणहून टोपी काढून उभा राहतो."

"पण गेलंय कोण?"

"आगाऊ नोंदणी करता येते. मान्यवरांसाठी सोय केली होती मी, ऐन वेळी रस्त्यांची धांदल नको म्हणून. सोमवारी 'मृत्यू घडला नाही' असं प्रतिज्ञापत्र जोडायचं. तीस दिवसांची मुदत असते."

नाव कुणाचं घालायचं म्हटल्यावर सगळे छताकडे बघू लागले. नानांनी पेनाचं टोपण काढलं.

"नाना, असलं काही लिहू नका," ठमी म्हणाली.

"अगं, कागदावर लिहिल्याने कोणी मरत नाही. तसं असतं तर आमच्या कार्यालयात कोण उरलं असतं? कागदावर नसल्यामुळे मेलेली माणसं मात्र मी पुष्कळ पाहिली."

आठवड्याचे बाकी कार्यक्रमही त्यांनी नियमात बसवले. कुत्र्यांचा मेळावा झाला 'मुक्या प्राण्यांची श्रद्धांजली'. विनोदाचा कार्यक्रम झाला 'आठवणींना उजाळा'. शेवटचे रकाने त्यांनी परीक्षेतल्या पोरासारखा डाव्या हाताचा आडोसा करून भरले, आणि इस्त्रीचा सदरा घालून स्वतःच्या अंत्ययात्रेचा अर्ज स्वतः देऊन आले. येताना सही-शिक्क्याची पोच आणली आणि अर्धा किलो वाटाणे. दुपारभर ते, ठमी आणि डॉक्टरीण वाटाणे सोलत बसले. रेडिओ चालू होता.

बुधवारी सकाळी नानांनी चहा मागितला नाही.

सव्वानऊ वाजून गेले तेव्हा ठमी त्यांच्या खोलीत गेली. डॉक्टरीण मागोमाग आली. तिने नाडी पाहिली, मग चष्मा काढून ठेवला. माणसांची डॉक्टर बोलवावी लागली, पण ते रीत म्हणून.

त्यानंतर ठमी जिथे गेली ते ठिकाण म्हणजे परवाना विभागाची खिडकी क्रमांक चार. खिडकीत नानांचा चेला बसत असे. नानांनीच त्याला शिकवून तयार केलेला. शाई कुठल्या रंगाची आणि जांभई कुठल्या वेळी, इथपर्यंत. बातमी ऐकून त्याने डोळे पुसले, रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला आणि मग फाइल उघडली.

"ताई, अर्ज आता नियमित झाला. आगाऊ नोंदीत एकच उणीव होती, मृताची. ती दूर झाली."

"आज न्यायचंय त्यांना," ठमी म्हणाली.

"मंजुरी रविवारची आहे."

"पण ते आज गेले."

"ते त्यांनी ठरवलं. मंजुरी आम्ही देतो. एका मृतास एकच यात्रा, नियम सात. नानांचाच आहे. पूर्वी लोक एका माणसाला दोन-दोन पक्षांकडून न्यायचे."

"मग तारीख बदलून द्या."

"देतो की. तारीख बदलायला अर्जदाराने समक्ष यावं लागतं."

"अर्जदार नाना आहेत."

"हो ना."

"समक्ष आणू त्यांना?"

चेल्याने गंभीरपणे विचार केला. "आणायला हरकत नाही. पण आणताना बरोबर दहापेक्षा जास्त माणसं असतील, तर नमुना नऊ लागेल."

"तुम्ही तर ओळखीचे आहात हो," ठमी म्हणाली.

"म्हणूनच. माणूस ओळखीचा असला तर नियम दुप्पट पाळायचा. हे कोणी शिकवलं, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. नाना रुग्णालयाच्या शीतगृहात रविवारची वाट बघू लागले, आणि मंजूर झालेला आठवडा मंजुरीबरहुकूम सुरू झाला.

गुरुवारी मैदानात बेचाळीस कुत्री आली. गळ्यात सप्तरंगी पट्टे होते. महापालिकेने नोंदीप्रमाणे शोकवाद्यं पाठवली. ती वाजू लागताच बेचाळीस कुत्र्यांनी एकदम माना वर करून गळे काढले. वार्ताहराने लिहून घेतलं की, मुक्या प्राण्यांनाही शोक आवरला नाही. कोपऱ्यावरच्या बँकेने सप्तरंगी फलक लावायचं आधीच कबूल केलं होतं आणि शोकसंदेशाचंही नंतर कबूल केलं. काटकसर म्हणून दोन्ही एकाच फलकावर आलं: 'आम्हाला अभिमान आहे. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. अटी लागू.'

मंडळात निराळाच वाद पेटला. सप्तरंगी झेंड्याला काळा पट्टा जोडायचा का, आणि जोडला तर तो शोकाचा समजायचा की कुणा वगळलेल्या गटाचा. त्यासाठी तिघांची उपसमिती नेमली गेली. एक तासाने तिच्यातून दोन उपसमित्या निघाल्या. डॉक्टरीण मात्र मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर बसून एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या पंजातला काटा काढत होती. काटा निघाला तरी बराच वेळ तिने तो पंजा सोडला नाही. ठमी तिच्यामागे उभी होती. खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं. मैदानात माणसं फार होती. तिने हातातल्या कागदांची चळत नीट केली.

शुक्रवारी सकाळी पत्र आलं. 'रकाना क्रमांक बारा, जवळचे आप्त. सदर रकान्यात गंभीर त्रुटी आढळली आहे. आज कार्यालयीन वेळेत पूर्तता न झाल्यास यात्रेची मंजुरी कायमची रद्द समजण्यात येईल.'

कायमची. म्हणजे कात्रीची मिरवणूक गेली आणि नानांचा शेवटचा प्रवासही. एका मृतास एकच यात्रा. ठमी हाफडे टाकून खिडकी क्रमांक चारच्या रांगेत उभी राहिली. मागे डॉक्टरीण होती, तिच्या मागे दाखले, उतारे आणि तक्रारी घेऊन आलेली तीस-पस्तीस माणसं.

चेल्याने फाइल काचेला लावून दाखवली. नानांचं ते उजवीकडे किंचित झुकलेलं, प्रत्येक ओळीला रेघ मारलेलं अक्षर.

"ओळ एक," चेला म्हणाला. "तुमचं नाव. मृताशी नातं: मुलगी. बरोबर. ओळ दोन, या डॉक्टरीणबाई. मृताशी नातं..." त्याने बोट ठेवलं. "सून."

ठमीने वाचलं. पुन्हा वाचलं. पुस्तकांना क्रमांक लावणाऱ्या बाईला एवढं छोटं अक्षर वाचायला सहसा इतका वेळ लागत नाही.

"नानांना मुलगा नाही," चेला म्हणाला. "मी स्वतः त्यांची निवृत्तीची कागदं केली. मुलगा नाही, तर सून आली कुठून? एक तर मुलगा दाखवा, नाही तर सून खोडा."

"खोडता येईल?"

"खोडाखोडीवर अर्जदाराची सही लागते."

ठमीने खालची नानांची सही पाहिली.

"किंवा मग तोंडी खुलासा. नियम तेरा. पहिल्या ओळीतल्या आप्ताने दुसऱ्या ओळीतल्या आप्ताशी आपलं नातं काय, ते खिडकीसमोर स्पष्ट सांगायचं. काय लागतात या तुमच्या?"

"मैत्रीण," ठमी म्हणाली. तोंडात बसलेला शब्द होता. नऊ वर्षं शेजारी, आत्या, ग्रंथपाल, गॅसवाला, सगळ्यांना पुरला होता.

चेल्याने नात्यांची छापील यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "मैत्रीण यात नाही, ताई. पूर्वी 'इतर'मध्ये घालायचो. ते नानांनी काढलं."

मग त्याला काहीतरी आठवलं. "आणि शेऱ्यात काय लिहिलंय तेही कळत नाही. शेरा सहसा कोरा सोडतात."

त्याने फाइल आणखी जवळ धरली. ओळ दोनच्या शेवटी, अगदी कडेला, आडोसा करून लिहिलेलं होतं: 'घर मिळाले आहे.'

डॉक्टरणीने मागून ते वाचलं. बेचाळीस कुत्र्यांसमोर न रडलेली बाई, तिने रांगेकडे पाठ केली आणि भिंतीवरची नागरिकांची सनद वाचायला घेतली.

"नाना काय म्हणतायत?" चेल्याने विचारलं.

"बरोबर म्हणतायत," ठमी म्हणाली.

"मग सांगा. पण मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे. हरकत मागवावी लागते." तो उभा राहिला आणि काचेच्या भोकाला तोंड लावून ओरडला, "लक्ष द्या! या बाई आता एका नात्याचा खुलासा करतील. कुणाची हरकत असल्यास इथल्या इथे घ्यावी. मात्र हरकत घेणाऱ्याने आधी नमुना नऊचा रकाना बारा स्वतः भरून द्यायचा आहे. आपल्या घरात कोण कोण राहतं, कोण येऊन-जाऊन असतं, आणि प्रत्येकाशी आपलं नातं काय, ते खरं खरं. तीन प्रतींत. घरच्यांच्या सह्यांसकट."

हा नियमही नानांचाच. तो का केला होता, ते आजवर कुणाला उमगलं नव्हतं.

हरकतीसाठी वर निघालेला एक हात डोकं खाजवू लागला. ज्यांची मावसबहीण दर शनिवारी येते आणि ज्यांना मावशीच नाही, ते गृहस्थ चपलेचा अंगठा तपासू लागले. मुलाचा सात वर्षांचा 'रूममेट' जिच्या घरी आहे, ती बाई पर्समध्ये चावी शोधू लागली. पंचवीस वर्षं एका छताखाली न बोलता राहणाऱ्या जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. आणि वाचकहो, तुम्हीही त्या रांगेत होतातच. हातात कोरा नमुना होता, पेन चालू होतं, 'नातं' या शब्दापुढची जागा चांगली ऐसपैस होती. तुम्ही काय भरलंत ते कुणी विचारलं नाही. तुम्ही पंख्याकडे बघत होतात.

"कुणाचीच हरकत दिसत नाही," चेला म्हणाला. "बोला ताई. काय लागतात?"

ठमीने कागदांची चळत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचे दोन्ही हात मोकळे होते. त्यातल्या एकाने तिने डॉक्टरणीला सनदेपासून ओढून आपल्याशेजारी आणलं. तिने चेल्याकडे पाहिलं नाही, रांगेकडेही नाही. काचेमागच्या त्या उजवीकडे झुकलेल्या अक्षराकडे बघत, अगदी मागच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"नाना, ही माझी बायको आहे."