तिसऱ्यांदा विचारल्यावर

मार्चमध्ये आलेल्या त्या पत्राला सेल्मर ट्वेटन यांनी अजून उत्तर दिले नव्हते, आणि आता जानेवारी लागला होता. पत्र पानभरही नव्हते. दोन घरे पलीकडे राहणाऱ्या आर्डिस कोल्स्टाड या विधवा बाईंनी ते रीतसर तिकीट लावून पोस्टाने पाठवले होते. त्यात लिहिले होते की आपण दोघे एकेकटे आहोत, दोन घरे तापवण्यात तेल फुकट जाते, एकाच घरात राहावे असे मला वाटते, पाद्रीबाबांची हरकत नाही, तरी विचार करून कळवावे. खाली ताजा कलम होता: तुमच्या घराला मागच्या बाजूला बसायला जागा असती तर बरे झाले असते.

सेल्मर गावच्या वाचनालयातून निवृत्त झालेले आणि जन्माचे ब्रह्मचारी. त्यांनी पत्र उभ्याने वाचले, बसून वाचले, मग 'कळवणे' या शब्दाचे सगळे अर्थ कोशात पाहिले. त्यांचा होकार होता. इतका होकार त्यांच्या मनात आजवर कशालाच उमटला नव्हता. अडचण होती ती रीतीची.

उत्तर मिनेसोटातल्या हॅल्डन गावात पहिल्यांदा विचारल्यावर कुणी काही घेत नाही. कॉफी विचारली की नको म्हणायचे. दुसऱ्यांदा विचारले की उगाच त्रास कशाला म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अर्धाच कप' म्हणायचे आणि मग किटली रिकामी होईपर्यंत बसायचे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा समजला जातो. आर्डिसबाईंनी विचारले होते एकदाच. सेल्मर पुढच्या दोन खेपांची वाट पाहत राहिले. तिकडे आर्डिसबाई उत्तराची वाट पाहत राहिल्या.

वाट पाहता पाहता सेल्मर यांनी डेक बांधायला घेतला. मागच्या दारापुढे लाकडी ओटा असला की ताज्या कलमाचे तरी उत्तर होईल, असा त्यांचा हिशेब होता. हातोडीशी ओळख नव्हती, म्हणून त्यांनी वाचनालयातून दोन पुस्तके आणली. एक पुस्तक सांगत होते की आपल्याकडची जमीन हिवाळ्यात गोठून फुगते आणि वर येते, म्हणून जिथवर जमीन गोठते त्याच्याही खाली खड्डे खणून खांब रोवा आणि डेक घराच्या भिंतीला बोल्टने पक्का करा. दुसरे म्हणत होते की खणायची काही गरज नाही, काँक्रीटचे ठोकळे जमिनीवर ठेवा आणि डेक त्यांच्यावर मोकळा सोडा, म्हणजे हिवाळ्यात तो सगळाच्या सगळा वर जाईल आणि वसंतात खाली येईल. दोन्ही लेखक अनुभवी दिसत होते. एकाचे ऐकून दुसऱ्याला खोटे पाडणे सेल्मर यांच्या जिवावर आले. त्यांनी पहिल्याचे बोल्ट घेतले आणि दुसऱ्याचे ठोकळे.

शेजारी रैनो लाहती कुंपणावर कोपरे टेकून हे रोज बघत असे. रैनोचा जन्म सुतारकामात गेलेला. सेल्मर यांनी त्याला एकदा विचारलेही, कसे वाटते म्हणून. रैनो बराच वेळ बोल्टांकडे, मग ठोकळ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरंय की."

ऑगस्टमध्ये डेक पुरा झाल्यावर आर्डिसबाई बघायला आल्या. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या, कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वेगळंच आहे हं." हॅल्डनमध्ये याहून कडक शब्द कुणी वापरत नाही. घराला आग लागली तरी तिथली माणसे वेगळंच आहे एवढेच म्हणतात. सेल्मर यांनी त्या रात्री उत्तराचा जो मसुदा चालवला होता तो फाडून टाकला.

जानेवारीत मधेच थंडी ओसरते तसे काही दिवस आले. छपरावरचा बर्फ ठिबकू लागला. त्या उन्हात आर्डिसबाई वेलदोड्याचा पाव घेऊन कॉफीला आल्या. येताना त्यांना डेकवर पाय घसरल्यासारखे झाले. डेकची बाहेरची कड जमिनीबरोबर वीतभर वर गेली होती आणि भिंतीची बाजू बोल्टांनी जागच्या जागी धरून ठेवली होती. सगळा डेक घराकडे तोंड करून कलला होता. छपरावरून गळणारे पाणी त्या उतारावरून थेट दाराशी येत होते. हे दोघांनीही पाहिले. सेल्मर यांनी किटली चढवली.

कॉफी झाली, पाव झाला, चर्चमधल्या नव्या पेटीविषयी बोलणे झाले. मग आर्डिसबाई "बरं मग" म्हणाल्या. तिथे हा शब्द निरोपाची सुरुवात असतो. त्यानंतर त्या उठल्या आणि खुर्चीमागे उभ्या राहून पाठदुखीविषयी बोलल्या. मग कोट घालून वाणसामानाच्या दुकानाविषयी बोलल्या. मग हातमोजे घालून, दाराच्या मुठीवर हात ठेवून, बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनविषयी सगळे सांगितले. तोवर ऊन उतरले होते. त्यांनी आतले दार उघडले, थंडीसाठी लावलेले बाहेरचे दुसरे दार ढकलले, आणि ते हलले नाही.

सेल्मर यांनी खांदा लावून पाहिला. दोघांनी मिळून पाहिले. काचेतून खाली बघितले तर डेक आणि दार यांच्यामध्ये दुपारभराचे पाणी गोठून कडक झाले होते. 'बरं मग' म्हटल्या म्हटल्या निघाल्या असत्या तर दार उघडले असते. पुढच्या दाराचा प्रश्नच नव्हता. ते हिवाळ्यात गावात कुणीच उघडत नाही, आणि सेल्मर यांच्याकडे तर त्याच्यापुढे विश्वकोशाची कपाटे उभी होती. खिडक्या थंडीसाठी प्लास्टिक लावून बंद केलेल्या. एका विधवा बाईला आपण घरात कोंडले, हे उद्या चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरच्या कॉफीबरोबर वाटले जाणार होते.

त्यांनी रैनोला फोन लावून दार गोठल्याचे सांगितले. रैनोने येऊ का विचारले. सेल्मर म्हणाले नको, जेवायची वेळ झाली असेल. रैनोने पुन्हा विचारले. सेल्मर म्हणाले तुला कशाला त्रास. आर्डिसबाई कोट, टोपी, हातमोजे घालून शेजारी उभ्या होत्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर सेल्मर म्हणाले बरं, पण दोनच मिनिटं. मग दोघे पुन्हा टेबलाशी येऊन बसले. आर्डिसबाईंनी कोट काढला नाही.

"मार्चमध्ये मी काहीतरी विचारलं होतं," त्या साखरेच्या भांड्याला उद्देशून म्हणाल्या.

"हो. पोचलं."

"मग?"

सेल्मर यांनी चमचा सरळ केला. "तुम्ही एकदाच विचारलंत."

आर्डिसबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "सेल्मर, कागदावर तीनदा कसं विचारायचं असतं? खाली कार्बन लावून?"

एवढी पुस्तके वाचून हा मुद्दा सेल्मर यांच्या कधी लक्षात आला नव्हता.

"ठीक आहे," आर्डिसबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा विचारते."

"छे हो, तुम्हाला उगाच त्रास," सेल्मर म्हणाले.

आपले तोंड हे काय बोलले ते ऐकून ते खुर्चीला खिळले. पासष्ट वर्षांची सवय होती, ती त्यांना न विचारताच बोलून गेली होती. आर्डिसबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, तोंड उघडले, आणि बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

कुऱ्हाडीचे चार घाव घालून बर्फ फोडता आला असता, पण रैनोने त्याच महिन्यात नवा ट्रक घेतला होता. त्याने विचार केला की डेक ठोकळ्यांवर म्हणजे मोकळाच असणार. ठोकळ्यांवरचा डेक भिंतीला बांधणारा माणूस त्याच्या माहितीत नव्हता. भिंतीत बोल्ट जाताना त्याने स्वतः पाहिले होते, पण ऑगस्टनंतर ते काढले असतील असे त्याने सौजन्याने गृहीत धरले. त्याने डेकच्या बाहेरच्या तुळईला साखळी अडकवली आणि खुणेने विचारले, ओढू का? प्लास्टिक लावलेल्या खिडकीआड सेल्मर दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवत होते. रैनोला वाटले, हौसेने हो म्हणतोय.

आधी कर्रकन आवाज झाला. मग घराने एक उसासा टाकला. डेक निघाला, त्याच्याबरोबर बोल्ट निघाले, बोल्टांबरोबर भिंतीतले लाकूड निघाले, आणि दोन्ही दारे चौकटीसकट अंगणात जाऊन उताणी पडली. उरलेल्या पावावरचा रुमाल उडाला. एक बैलगाडी आत येईल एवढ्या भगदाडातून संध्याकाळची थंडी स्वयंपाकघरात शिरली. त्या भगदाडाच्या पलीकडे ट्रकमधून रैनो मान वळवून बघत होता, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले होते.

आर्डिसबाई उठल्या, भगदाडापाशी गेल्या, वर छताकडे आणि खाली उंबऱ्याच्या जागेकडे पाहिले. "हे मात्र," त्या म्हणाल्या, "वेगळंच आहे."

रैनो टोपी हातात घेऊन आला. "बोल्ट नव्हते ना ठेवायचे रे. मी उन्हाळ्यातच बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एकदाच विचारलंस. तीनदा विचारतास तर सांगितलं असतं."

नियम नियम होता. रैनोने पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून ते सोडून रिकामे केले, भगदाडावर ताडपत्री ठोकली, आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "दुरुस्ती होईस्तोवर माझ्याकडे चल."

"नको, नको," सेल्मर म्हणाले.

"अरे चल. वरची खोली रिकामी आहे."

"तुला कशाला त्रास," सेल्मर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी मनात मोजले. दोन झाले होते. रैनोने तिसऱ्यांदा विचारले की हो म्हणणे भाग होते, आणि एकदा रैनोच्या वरच्या खोलीत गेलेला माणूस वसंतापर्यंत तिथेच राहणार. त्यांनी आर्डिसबाईंकडे पाहिले. त्या टोपीचे बंद बांधत होत्या. रैनोने घसा साफ केला.

"थांब, रैनो," आर्डिसबाई म्हणाल्या. "माझा नंबर आधी आहे. मार्चपासून." मग त्या सेल्मर यांच्याकडे वळल्या. "तिसऱ्यांदा विचारते."

ताडपत्री फडफडत होती. सेल्मर यांच्या चष्म्यावर वाफ जमली होती, म्हणून त्यांना समोरचे नीट दिसत नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "पण थोडेच दिवस."

रैनोने पटकन टोपी घातली आणि साखळी गोळा करायला गेला. थोडेच दिवस म्हणजे काय ते हॅल्डनमध्ये लहान पोरालाही कळते.

ईस्टरच्या आधी पाद्रीबाबांनी लग्न लावायचे आपले काम केले. उन्हाळ्यात आर्डिसबाईंच्या घरामागे नवा डेक झाला. खड्डे गोठणाऱ्या थराच्या खाली गेले की नाही हे सेल्मर यांनी रैनोला तीनदा विचारले, आणि तिसऱ्या वेळी त्याने जे सांगितले ते ऐकून सगळे खड्डे पुन्हा खणले.

एवढे होऊनही सेल्मर यांना एक गोष्ट सलत होती. पत्र पोस्टाने आले होते, आणि त्याला तोंडी दिलेले उत्तर हे काही उत्तर नव्हे. एके सकाळी त्यांनी नव्या डेकवर बसून लिहिले की आपले मार्चचे पत्र पोचले, मजकूर कळला, होकार आहे, विलंबाबद्दल क्षमा असावी. पाकिटावर आर्डिसबाईंचा पत्ता घातला, म्हणजे ज्या घरात बसले होते त्याचाच. तिकीट लावले, फाटकाशी जाऊन टपालाच्या डब्यात पाकीट ठेवले, आणि पोस्टमनने ते न्यावे म्हणून डब्याचे लाल निशाण वर केले.

ते परत आले तेव्हा आर्डिसबाई खिडकीपाशी कप विसळत होत्या.

"पत्र कुणाला?"

"आहे एक. जुनं राहिलं होतं."

त्यांनी पुन्हा विचारले नाही. कप पुसून उपडे ठेवले, आणि पोस्टमनची गाडी डब्यापाशी थांबून पुढे जाईपर्यंत खिडकीतून बघत राहिल्या.