तिसऱ्या नंबरचा कॅमशाफ्ट

“तिसरा परत लाव,” हितेंद्र म्हणाला, आणि नासीरने मोबाइल वरणाच्या पातेल्याला टेकवून पुन्हा उभा केला.

मोबाइलमधून आवाज आला. धड्... धडाड्‌धड्... धड्. लाकडी पुलावरून कुणी अडखळत ट्रॅक्टर नेत असावं तसा. दोघांनी डोळे मिटले. हितेंद्रच्या हातातला घास हातातच राहिला.

“बंद पडतेय का गाडी?” हितेंद्रच्या बायकोने, डिंपलने पोळी वाढता वाढता विचारलं.

“बंद नाही पडत. श्वास घेतेय,” हितेंद्र म्हणाला.

“दम्याचा आहे मग.”

हितेंद्र ठिबक सिंचनाचे संच विकायचा. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या घरातून रोज निघायचा आणि बोदवडपर्यंतची खेडी पालथी घालून परत यायचा. बाकीचे विक्री अधिकारी हे काम मोटरसायकलवर करत. हितेंद्र ते लाल, दोन दारांच्या, पुण्याहून सेकंडहँड आणलेल्या स्पोर्ट्स कारमधून करायचा. गाडी इतकी बुटकी होती, की शेतकरी बांधावरून खाली वाकून त्याच्याशी बोलत. संच किती विकले जात ते सोडा, पण गाडी आली की सगळं गाव गोळा व्हायचं. कंपनीचा मालक त्यालाच जाहिरात समजायचा.

नासीर त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं अजिंठा रोडला गॅरेज होतं. गेला महिनाभर दोघांच्या डोक्यात एकच विषय होता, तो म्हणजे कॅमशाफ्ट. इंजिनातला हा दांडा फिरला की त्याच्यावरचे उंचवटे वॉल्व्ह दाबतात, आणि इंजिन आत हवा घेतं, बाहेर धूर सोडतं. उंचवटे जरा वाढवले की इंजिन जास्त हवा पितं, जास्त जोर लावतं. कोइम्बतूरच्या एका कारखानदाराने तीन नमुन्यांचे आवाज पाठवले होते. पहिला रोजच्या वापरासाठी, दुसरा हौशी लोकांसाठी, तिसरा शर्यतीसाठी.

“शहाण्या माणसानं पहिला घ्यावा,” नासीर म्हणाला. “तिसऱ्याला खाली जोरच नसतो. तीन हजार आरपीएमच्या वर गेला, की मग वाघ.”

“आणि पिंप्राळ्याच्या बाजारातून गाईमागे जायचं असेल तर?” डिंपलने विचारलं.

हा प्रश्न अतिशय योग्य होता. म्हणूनच हितेंद्रने मोबाइलचा आवाज आणखी वाढवला.

“पण कारखानदारानं लिहिलंय, ‘रोज वापरण्यासाठी नाही’,” नासीर प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग आपण वापरणार कुठंय? रोज ऐकणार!”

नासीरला ते इतकं पटलं, की त्याने उठून हितेंद्रला मिठी मारली. तिसरा नंबर पक्का झाला.

कॅमशाफ्ट बसवून गाडी घरी आली त्या सकाळी हितेंद्रने ती दारात नुसती चालू करून ठेवली. धड्... धडाड्‌धड्... धड्. खिडकीच्या काचा थरथरल्या. तुळशीची कुंडी ओट्यावरून हळूहळू पायरीकडे सरकू लागली. एवढ्यात पलीकडच्या मंजुळाबाई गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन फाटकात हजर झाल्या.

“बरं केलं बाई, कॉलनीतच गिरणी काढली! जरा बारीक दळा हो.”

डिंपल पदर तोंडाला लावून आत पळाली. हितेंद्रने मंजुळाबाईंना बॉनेट उघडून दाखवलं, तरी त्यांची खात्री पटेना. “गिरणी आत लपवली का? लायसन नाही वाटतं!” असं म्हणत त्या डबा घेऊन परत गेल्या.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण दुसऱ्याच दिवशी साक्रीला डिंपलच्या धाकट्या बहिणीचा, सुलक्षणाचा साखरपुडा होता. मुलगा बोदवडचा. मुलाकडची मंडळी आदल्या दिवशीच साक्रीला पोचली होती. मागे राहिले होते फक्त मुलाचे मामा, जीवराम नाना. त्यांची केळीची गाडी भरायची होती. आणि नाना आल्याशिवाय त्या घरात पानसुद्धा हलत नसे. डिंपलचे वडील, हिलाल आबा, यांनी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला होता, “नानासले आमना जवाई लई येतीन. स्पोर्ट्स गाडीमा!”

नानांना आपणच आणायचं म्हटल्यावर हितेंद्रने घाबरून नासीरला फोन लावला. “जुना कॅमशाफ्ट आजच्या आज परत बसेल का?”

“अरे भाई, चार दिवस लागतील. आणि इतक्यात कंटाळलास? मी तर रिंगटोन केलाय तो!”

सकाळी जळगाव स्टेशनवर नाना उतरले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी आणि कपाळाला आठ्या. गाडीत शिरताना ते असे दुमडले गेले, की आधी काठी आत गेली, मग टोपी, आणि शेवटी नाना. डिंपल मागच्या, शाळेच्या दप्तराएवढ्या जागेत पेढ्यांच्या खोक्यांसह बसली.

पहिल्याच सिग्नलला गाडी थरथरू लागली आणि नानांची कवळी टकटक वाजू लागली.

“हे काय हाये बापा?” नानांनी विचारलं.

“कॅमशाफ्ट आहे, नाना.”

“औषध चालू हाये ना त्याचं?”

नानांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि त्यानंतर ते बोललेच नाहीत. प्रत्येक गतिरोधकाला गाडी बंद पडे. ती पडू नये म्हणून तो ॲक्सिलरेटर दाबून धरी. मग पुढच्या मोटरसायकलवाल्याला वाटे, हा आपल्याला शर्यतीला बोलावतोय. पारोळ्यात एका पोराने खरोखरच शर्यत लावली आणि जिंकली. एका रिक्षावाल्याने गाडी शेजारी घेऊन सांगितलं, “भाऊ, तुमचं मागचं चाक निघतंय बहुतेक.” हितेंद्रने मनाशी ठरवलं, उद्या हा दांडा काढून तापीत टाकायचा.

धुळं ओलांडलं, आणि नेरच्या अलीकडे रस्त्यात वरात आडवी आली.

बाजूने जायला वाव नव्हता. वरात मुंगीच्या पावलाने चाललेली, आणि मुंगीच्या पावलाने चालणं हीच एक गोष्ट या गाडीला जमत नव्हती. हितेंद्रने क्लच धरला, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला. धड्... धडाड्‌धड्... धड्. पुढचे लोक मागे वळून पाहू लागले. वाजंत्री थांबली. गळ्यात फाटका ढोल अडकवलेला, लाल कोटातला बँडवाला सरळ गाडीकडे चालत आला.

“संपलं,” हितेंद्र पुटपुटला. “आता मार खातो.”

बँडवाला खिडकीत वाकला. “भाऊ, मी वना. बँड मनाच शे. आमना ढोल फुटी गया. तुमनी गाडी भलती मस्त वाजी राह्यनी. बंद करू नका!”

“अहो, पण—”

“दाब, भाऊ, दाब!”

सनई सुरू झाली. हितेंद्रने पाय दाबला. धड्... धडाड्‌धड्... धड्! वऱ्हाडाने एकच आरोळी ठोकली. नाचणारे घोड्याला सोडून गाडीभोवती आले. नवरदेव घोड्यावर एकटाच राहिला आणि मान वळवून आपल्याच वरातीकडे केविलवाणा पाहू लागला. एका आजीबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं. हितेंद्र घामाघूम झाला होता. त्याने भीत भीत डावीकडे पाहिलं.

नानांची जागा रिकामी होती.

“नाना कुठं गेले?” तो किंचाळला.

“समोर बघ,” डिंपल म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

बॉनेटच्या पुढे, काठी डोक्यावर आडवी धरून, धोतराचा सोगा कमरेला खोचून नाना नाचत होते. वना त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून झांजा वाजवत होता.

वरात वळणावर निघून गेली तेव्हा नाना परत आले, स्वतःच दार उघडून बसले आणि कवळी लावली.

“माह्यी कंबर धरलेली होती,” ते म्हणाले. “डॉक्टर झाले, वैद्य झाले. या गाडीत बसलो आन् जळगावपासून धुळ्यापर्यंत अशी हालली, अशी हालली, का एकदम मोकळी! मी गप कामून होतो? म्हटलं बोललो तं गुण जाईन.”

हितेंद्रला हसावं की रडावं कळेना, कारण नेमका तेव्हाच त्याच्या उजव्या पोटरीत गोळा आला. इतका वेळ ॲक्सिलरेटर पेलून पाय दगड झाला होता. मुहूर्त जवळ आलेला. शेवटी डिंपल स्टिअरिंगवर बसली आणि हितेंद्र कण्हत मागे, पेढ्यांच्या खोक्यांत.

“हळू घे. तिला सांभाळावं लागतं,” तो मागून म्हणाला.

“हळू घेतल्यामुळंच तर ती रुसते,” डिंपल म्हणाली. तिने खालच्या गिअरमध्येच गाडी ताणली. काटा तीन हजारांच्या पुढे गेला आणि धडधड थांबली. तिच्या जागी एक लांब, उंच, निखळ सूर उमटला. नाना सीटला चिकटले. कापसाची शेतं पांढऱ्या रेघेसारखी मागे गेली. डिंपलने एकदाच “अग्गंबाई!” म्हटलं, आणि मग साक्री येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मिटलं नाही. मागच्या खोक्यांतून “ब्रेक! ब्रेक!” असा आवाज येत होता. तो कुणी ऐकला नाही.

मांडवात हिलाल आबा घाम पुसत उभे होते. नाना उतरले. बॉनेटवर कुंकू, टोपी उलटी, धोतर खोचलेलं. आबांचा चेहरा पांढरा पडला.

“मुलगी आमाले पसंत हाये,” नाना गंभीरपणे म्हणाले. “पन माह्यी एक अट हाये.”

सुलक्षणाने मान खाली घातली. आबांनी खांब धरला.

“नवरदेव याच गाडीत बसून यीन. आन् गाडी आशीच हालली पायजे. लगीन होवस्तोवर तिच्यातलं काहीबी बदलायचं नाही. जो बदलीन, त्याच्याशी आमची सोयरीक संपली!”

“इतलंच ना!” आबांचा जीव भांड्यात पडला. “मंजूर शे! वैशाखमा लगीन. गाडीले कोनी हात लावाना नही!”

टाळ्या पडल्या. हितेंद्र मात्र लंगडत लंगडत गुरुजींकडे धावला. आत्ता कुठे कार्तिक चालू होता.

“गुरुजी, अलीकडचा मुहूर्त नाही का? मार्गशीर्षातला? पुढच्या आठवड्यातला? गोरजचाही चालेल!”

“अरे, नवरदेवापेक्षा दाजीलेच घाई!” कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसून हसून लोटपोट झाला.

“वैशाखच राहू द्या, गुरुजी,” मागून डिंपल शांतपणे म्हणाली. “काही घाई नाहीये.”

तिने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली, चेन ओढली, आणि हितेंद्रच्या तळहातावर आपल्या स्कूटीची किल्ली ठेवली.