बुजवलेलं दार

घराला दार काढायला ठेकेदार कशाला लागतो? मी कपाशी पेरतो, संत्र्याच्या कलमांना डोळे बांधतो, मग चार विटा मला भारी आहेत का!

अकोटात म्युनिसिपल कमिटीचं लायसन वामनराव ठेकेदारांकडे होतं. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याची डागडुजीही तेच करायचे. ते फुकट सांगून गेले होते, "खुशालराव, आधी नवं दार काढा, मंग जुनं बुजवा. अन् चौकटीले हात लावू नोका. वरची भिंत तिच्यावर हाये."

पण घाई होती. सुभद्रेला सातवा लागला होता आणि तिला बाळंतपण माहेरी नाही, आपल्याच घरी हवं होतं. बाळंतपणाची खोली पाहायला मोर्शीहून सासूबाई आल्या, तानुबाई. शिरताच म्हणाल्या, "या दारातून थेट वारा येते. बाळंतिणीले चालत नाही. बंद करा, दुसरीकडून काढा, नाही तं पोरगी मोर्शीले चालली!"

श्रावणी सोमवारी सासूबाई देवळात गेल्या. त्या दिवशी त्यांचं मौन असायचं, ते दिवेलागणीला सुटायचं. मी आणि मेहुणा चंद्रभान कामाला लागलो. चौकट उपटली (नव्या दाराला हवी होती!), विहिरीवर जाऊन चिखल कालवून आणला आणि विटा रचल्या. वर वीतभर फट उरली, तेव्हा चिखल संपला.

आभाळ भरून आलं. ओसरी काळवंडली. आणि आतून आवाज आला. धप्... धप्...

चंद्रभानच्या हातातली थापी गळाली. "भाऊजी, आत कोन हाये?"

"कोनी नाही!"

धप्.

घराचे आधीचे मालक पुंजाराम याच खोलीत वारले होते. शेवटी त्यांची वाचा गेली होती. पाणी हवं असलं की काठी आपटायचे.

"पुंजारामबुवा," चंद्रभाननं हात जोडले, "पानी पायजे का?"

आवाज थांबला. फटीतून मातीनं माखलेला एक हात बाहेर आला. बोटं हळूहळू हलत होती.

मी लोटी पुढे केली. अर्धं पाणी त्या हातावरच सांडलं. लोटी आत गेली. घटाघटा आवाज झाला आणि रिकामी लोटी बाहेर आली!

"आता जा बुवा," मी रडकुंडीला आलो, "घरात बाळंतपन हाये!"

हाताची मूठ वळली.

तेवढ्यात सुभद्रा दिवा घेऊन आली. "आई कुठी हाये? देवळातून तं कवाचीच आली."

तिनं दिवा वर धरला. पाण्यानं धुतलेल्या मनगटावर हिरवं गोंदण दिसलं.

"आई!" ती किंचाळली.

दिवा लागला, मौन सुटलं. "चंद्रभान्या, मायले पुंजाराम म्हनतं का रे! तुमी विहिरीवर असताना आत आली, कणगीआड जरा डोळा लागला, तं चिणून टाकलं मले!"

मी पहार उचलली.

"ठेवा ते खाली! जावईबापू, वरून माती गळून राहिली. वामनरावाले बोलवा!"

वामनराव आले. कंदील उंच धरून त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एक ठोका घातला असता, तं भिंत बाईच्या अंगावर होती." त्यांनी लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले, बाजूनं वाट फोडली आणि सासूबाईंना बाहेर काढलं. मी त्यांचे पाय धरले आणि खरं सांगतो, हमसून रडलो.

"खोली चांगली झाली," त्या अंगावरची माती झटकत म्हणाल्या. "वारा बिलकुल येत नाही."

आणि सकाळीच सुभद्रेला मोर्शीला घेऊन गेल्या.

बारशाला गेलो, तर माझा पाट अंगणात मांडला होता. सासूबाई मला घरातल्या भिंतींजवळ अजूनही बसू देत नाहीत!