साडूची सतार

रिसोडच्या जिनातले, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातले, कारकून जगदेवराव तसे कोणावर जळणारे नव्हते. (एकाच माणसावर जळण्यात त्यांचा सगळा वेळ जाई.) तो माणूस म्हणजे त्यांच्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, मंगरूळचे शालिग्राम. साडूंची जमीन जास्त, मिशी दाट, आणि वर ते सतार वाजवीत. ते आले की जगदेवरावांची बायको रुख्मिणीबाई तूप वाटीनं ओतत, आणि सतार ऐकताना अशा डोलत, की नवऱ्याच्या कुठल्याही बोलण्यावर त्या तशा डोलल्याचं जगदेवरावांना आठवत नव्हतं.

दिवाळीनंतर साडू सतार घेऊन आले. "संध्याकाळी आळीतल्या बायाईले बोलावते," रुख्मिणीबाईंनी जाहीर केलं.

साडू आंघोळीला गेले. प्रवासासाठी तारा सैल सोडलेल्या होत्या. ज्या हाडाच्या पट्टीवर तारा टेकतात, तिला घोडी म्हणतात, एवढं जगदेवरावांना ठाऊक होतं. त्यांनी ती बोटभर सरकवली. मनात फार काही नव्हतं. भाऊजींचं वाजवणं बायकोला एकदा तरी कडू लागावं, इतकंच.

साडूंनी तारा चढवल्या. मोकळी तार गोड बोले, पण दांडीवरच्या पडद्यावर बोट दाबलं की सूर भलतीकडे जाई. त्यांनी खुंट्यांना खडू लावला, तार बदलली, सतार उन्हात ठेवली.

"काय झालं म्हणावं इले?" साडू रडवेले झाले. जगदेवराव शीळ घालत जिनात गेले.

दुपारी मात्र खतावणी लिहिता लिहिता त्यांच्या मनात आलं. सतार दुरुस्त झाली नाही तर हा माणूस हलायचा कसा? डोकं दुखतं असं सांगून ते घरी आले. साडू घोरत होते. जगदेवरावांनी खुंट्या ढिल्या केल्या आणि घोडी गुपचूप मूळ जागी आणली.

संध्याकाळी ओसरी भरली. साडूंनी तारा जुळवल्या, पहिलाच सूर छेडला, आणि ओट्याखालचं कुत्रं उठून गेलं.

"आता हे नीट होत नाई तवरिक मी काई मंगरूळले जात नाई," साडू म्हणाले.

"राहा ना भाऊजी," रुख्मिणीबाई म्हणाल्या. मग आत येऊन त्या नवऱ्यापाशी हळहळल्या. "बिचाऱ्यायनं सकाळपासून एक एक पडदा सरकवला, तवा कुठं सूर लागला होता. मले वाजवून बी दाखवलं. अन् आता पाहा."

जगदेवरावांना आता उलगडा झाला. घोडी चुकीच्या जागी असताना साडूंनी तिच्या मानानं सगळे पडदे जमवून घेतले होते. आणि आता घोडी बरोबर होती, पडदे चुकीचे.

दुसऱ्या सकाळी साडूंना शिरा झाला, जगदेवरावांना कालची भाकर. ती खाऊन ते सतारीशी गेले, खुंट्या ढिल्या केल्या आणि घोडी पुन्हा चुकीच्या जागी नेली. एवढ्यात मागे साडू उभे.

"काय करून राह्यले, भाऊ?"

"काई नाई. हे घोडी मले जराशी... सरकल्यावानी वाटली."

साडूंनी तारा चढवल्या आणि पडद्यावर बोट दाबलं. सूर मधासारखा आला. त्यांनी जगदेवरावांना मिठीच मारली.

"रुख्मिणीबाई, माह्या ध्यानात आलं नाई, ते यायनं नुसतं ऐकून ओयखलं. असा कान लाखात एकाले असते."

रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी याआधी कधीच पाहिलं नव्हतं. त्या नजरेसाठी जगदेवरावांनी आणखी दहा सतारी बिघडवल्या असत्या.

"हा कान फुकट जाऊ द्याचा नाई," साडू म्हणाले. "सतार इथंच ठेवतो. दर आइतवारी येऊन शिकवतो तुमाले."

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. जगदेवरावांनी होकाराची मान हलवली. रुख्मिणीबाई तुपाचा डबा पाहायला आत गेल्या.

पुढच्या रविवारी साडू जेवून, पान खाऊन, लोडाला टेकले. जगदेवरावांनी सतार मांडीवर घेतली आणि डोळे मिटून मोठ्या भक्तिभावानं पहिला सूर लावला.

स्वयंपाकघरातून रुख्मिणीबाईंचा काळजीचा आवाज आला, "भाऊजी, परत बिघडली काय हो?"