परबकाकांच्या रबरी दोऱ्या

गॅलरीत एक काळी दोरी बांधलेली दिसली, म्हणून मी तिच्यावर ओली सोलापुरी चादर वाळत घातली. दोरी आधी गुडघ्यापर्यंत झुकली, मग एका टोकाची गाठ सुटली आणि चादर थेट शेजारच्या परबकाकांच्या घरात गेली. काका दारातच चहा पीत होते.

"माजे नऊ दिवस फुकट घालवलंस रे!" चादरीच्या आतून आवाज आला.

ती कपड्यांची दोरी नव्हतीच. काकांनी जन्मभर गोदीत दोरखंड बांधले. आता आमच्या काळाचौकीच्या चाळीत त्यांना एकच ध्यास, त्यांची लेक रेखा. ती अंदमानात लोकांना समुद्राच्या तळाशी नेते. हवेच्या टाक्या ती पाठीवर घेत नाही, दोन बगलांखाली एकेक घेते. टाकीचं खालचं टोक कमरेला अडकवायचं आणि वरचं बगलेशी धरून ठेवायचं ते या रबरी दोरीने. रेखाची प्रशिक्षकाची परीक्षा तोंडावर आली होती आणि दोरी कशी बांधायची हे तिने बापावर सोडलं होतं.

मार्ग दोन. पाठीमागून या बगलेतून त्या बगलेत जाणारी एकच अखंड दोरी, नाहीतर दोन बाजूंना दोन वेगळ्या. काका रोज सगळ्या दोऱ्या मिठाच्या पाण्यात बुडवत, उन्हात टांगत आणि संध्याकाळी फूटपट्टी लावत. मग अंगावर पट्टे चढवून, बगलांखाली पाण्याचे दोन कॅन अडकवून गॅलरीत येरझाऱ्या. "ताण बघ, ताण!" हे त्यांचं पालुपद. मंडळाचा मांडव असो की माझ्या पायजम्याची नाडी, शेरा तोच.

"काका, अखंडच बरी ना? भानगड कमी," मी शहाणपणा केला.

"आणि सुटली तर? दोनय टाक्यो एकदम लोंबकळतल्यो! माजा चेडू पाण्यात जाता, तुजी चादर नाय!"

आणि सुटली होती ती नेमकी अखंडच. काकांनी चादर बाजूला सारून ती गाठ बराच वेळ चाचपली. मग हळूच म्हणाले, "बरा झाला, हयच सुटली."

दुसऱ्याच दिवशी दोन वेगळ्या दोऱ्या, प्रत्येकीला दुहेरी गाठ, अंदमानला रवाना झाल्या.

रेखा पास झाली. तिचा व्हिडिओ अख्ख्या मजल्याने काकांच्या खोलीत दाटीवाटीने पाहिला. निळ्या पाण्यात ती माशासारखी आडवी, दोन्ही टाक्या कुशीला चिकटलेल्या. बायका रंगीत मासे बघत होत्या. काका फक्त बगल बघत होते. "ताण बघ..." एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. ऑफिसात मी चार जणांना सांगितलं की या यशात आमच्या चादरीचा वाटा आहे.

परवा रविवारी दुपारी बघतो तर काका पुन्हा पट्टे चढवून, कॅन लटकवून गॅलरीत उभे. पोहता न येणारा माणूस, आणि अवतार पाणबुड्याचा! मी घरात येऊन पोट धरून हसलो.

"परीक्षा संपली, दोऱ्या गेल्या. आता कसली चाचणी?"

बायको मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "हसू नका. रेखा पाण्यात उतरली की ते कॅन चढवतात. ती वर आल्याचा फोन येईपर्यंत उतरवत नाहीत."